अडीच फूट कडबा

आमच्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं की पी. टी. उषा म्हणजे कुठल्यातरी शाळेत पीटीचा तास घेणारी बाई. तिची तरी काय चूक? आमच्या शाळेत पीटीचे सर होते, तालुक्याच्या हायस्कुलात पीटीच्या बाई होत्या. मग उषाच्या आधी पी. टी. लावलंय म्हटल्यावर दुसरा काय अर्थ निघणार? खरं सांगायचं तर मलाही कितीतरी दिवस तसंच वाटायचं. पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल हे मी पुढं मोठी झाल्यावर वाचलं आणि एकटीच असताना तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.

"मास्तरीण हाय न्हवं ती? मग तिनं पोरांना पळवायचं. सोता कशाला पळती?" आजी विचारायची. यावर अण्णांकडंही उत्तर नव्हतं.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. पाऊस आमच्याकडं भिडस्त पाहुण्यासारखा. येतो म्हणतो आणि दहिवडीवरूनच माघारी फिरतो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, घरची थोडी कोरडवाहू जमीन, एक गाय, दोन बैलं. अण्णांच्या मनगटाला एचएमटीचं जनता घड्याळ होतं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. ते रोज चार मिनिटं मागं पडायचं. म्हसवडला दुरुस्तीला नेलं की घड्याळजी कानाला लावायचा, झाकण उघडायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, सवय लागलीया त्याला आता." म्हणून रोज सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की अण्णा ओसरीवर बसून चावी द्यायचे आणि काटा चार मिनिटं पुढं घ्यायचे. आजोळचं घड्याळ आहे म्हणून आई त्याची बाजू घ्यायची. मागंच पडतं ना, बंद तर पडत नाही, असं तिचं म्हणणं.

८ ऑगस्ट १९८४ ची लॉस एंजेलिसची ती शर्यत. बायकांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच ठेवलेली. उषा सेमीफायनलमध्ये पहिली आलेली, त्यामुळं अण्णांनी पदक जवळजवळ धरलेलंच होतं. रेडिओवर निकाल सांगितला तेव्हा त्यांचा हात चावीवरच राहिला. पहिली मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल, दुसरी अमेरिकेची ज्युडी ब्राऊन, तिसरी रुमानियाची क्रिस्तिएना कोजोकारू, ५५.४१. उषा चौथी, ५५.४२. त्या दिवशी काटा पुढं घ्यायचा राहून गेला. शाळेची घंटा त्याच घड्याळावर व्हायची, त्यामुळं शाळा चार मिनिटं उशिरा भरली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी तेव्हा सहावीत, अण्णांच्याच वर्गात. वर्गात त्यांना गुरुजी म्हणायचं, चुकून अण्णा म्हटलं तर दहा उठाबशा, असा नियम होता. त्या दिवशी पहिल्या तासाला भूगोल होता. गुरुजींनी भूगोल बाजूला ठेवला आणि फळ्यावर ०.०१ लिहिलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि आम्हा सगळ्यांना एका रांगेत उभं करून एकेकाच्या कानाला लावलं. "ठोके मोजा. सेकंदाला पाच. आता एका ठोक्याचे वीस तुकडे करा. त्यातला एक तुकडा. तेवढ्यानं गेलं."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, एवढं बारीक कापायचं कशानं?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी ४०० ला ५५.४२ नं भागलं, आम्ही वह्यांवर त्यांच्या मागून भागत राहिलो. सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास. म्हणजे एका शतांशात सात सेंटीमीटर. गुरुजींनी उजव्या हाताची चार बोटं जुळवून फळ्याला टेकवली आणि दोन्ही बाजूंनी खडूनं रेघा मारल्या. एका रेघेखाली लिहिलं को., दुसरीखाली उ. ते चित्र दोन दिवस फळ्यावर होतं. त्याच्या शेजारी भूगोल, गणित, सुविचार सगळं येऊन गेलं, पण ते पुसायची कुणाची छाती झाली नाही. दशांश अपूर्णांक मला आयुष्यात कधी अवघड गेले नाहीत ते त्या चार बोटांमुळं. पुढं मी हिशेबाच्याच नोकरीला लागले.

त्या रविवारी अण्णा शाळेचा तीस मीटरचा टेप घेऊन शेतावर गेले.

आमच्या विहिरीपासून कडेच्या लिंबापर्यंत एक सरळसोट गाडीवाट होती. अण्णांनी आणि दादानं ती मोजली. चारशे मीटर भरायला लिंबाच्या पुढं अजून बावीस पावलं जावं लागत होतं, तिथं एक धोंडा रोवला. तालुक्याच्या पीटीच्या सरांकडून अण्णांनी मापं उतरवून आणली होती, ती मला अजून पाठ आहेत. पहिलं हर्डल पंचेचाळीस मीटरवर, मग दर पस्तीस मीटरला एक, अशी दहा, आणि शेवटी चाळीस मीटर मोकळी वाट. उंची ७६.२ सेंटीमीटर. हा आकडा असा विचित्र का, तर ते बरोबर अडीच फूट होतात. अडीच फूट म्हटल्यावर अण्णांचा जीव भांड्यात पडला. अडीच फूट त्यांना हातानंच कळत होतं.

हर्डल्स कडब्याची. कडब्याच्या चार पेंढ्या आडव्या एकावर एक रचल्या की अडीच फुटाला थोडं कमी पडायचं, मग वरती एक तुराट्यांची मोळी. दहा हर्डल्सना चाळीस पेंढ्या. आई बांधावर उभी राहून बघत होती.

"गुरांच्या तोंडचा कडबा पोरीच्या पायात घालताय?"

"परत रचून ठेवतो की गंजीला."

"ठेवाल हो. निम्मा चुरा हुईल त्याचा."

झालाही. शिवाय गाय एकदा दावं तोडून आली आणि सहा नंबरचं हर्डल निवांत खात उभी राहिली. मी पळत येत होते. अण्णा लांबून ओरडले, "थांबू नकोस, वळसा घाल!" आणि त्या दिवशीची वेळ वहीत लिहिताना पुढं कंसात लिहिलं, गाय.

वेळ घ्यायची पद्धत अशी. अण्णा धोंड्यापाशी, घड्याळ हातात. दादा विहिरीपाशी, हातात लाल टॉवेल. सेकंदकाटा बारावर यायला आला की अण्णा हात वर करायचे, दादा टॉवेल खाली टाकायचा, की मी सुटले. दादाला या सगळ्याचा भयंकर कंटाळा होता. तो कधीकधी टॉवेल मुद्दाम उशिरा टाकायचा आणि मी आधीच सुटले की "फॉल स्टार्ट!" म्हणून नाचायचा. चारशे मीटरवरून अण्णांना ते दिसायचं नाही. तिकडं काटा पुढं गेलेला असायचा आणि इकडं आम्ही भांडत असायचो.

कपड्यांचा प्रश्न आईनं सोडवला. आजीचं म्हणणं, पोरीची जात, गुडघ्याच्या वर काही दिसता कामा नये. अण्णांचं म्हणणं, परकर घालून हर्डल होत नाही. आईनं अण्णांचा जुना पायजमा कापला, गुडघ्याच्या खाली चार बोटं ठेवून शिवला आणि त्यात इलॅस्टिक घातलं. दोघांनाही तो पसंत पडला नाही, म्हणजे मधलं माप बरोबर आलं होतं.

आता छाती टाकण्याविषयी. उषानं शेवटच्या क्षणी छाती पुढं झोकली नाही म्हणून पदक गेलं, असं तेव्हा पेपरांत आलं होतं. शर्यतीचा निकाल फोटोत धडावरून लावतात. हात, पाय, डोकं आधी पोचलं तरी ते धरत नाहीत. त्यामुळं शेवटच्या पावलाला खांदे मागं आणि छाती पुढं टाकायची असते. अण्णांनी हे वाचलं आणि त्यांचं सगळं शास्त्र त्या एका गोष्टीवर उभं राहिलं. हर्डलवर पाय कसा न्यायचा, श्वास कधी घ्यायचा, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. पण मी धोंड्याच्या दहा पावलं अलीकडं आले की ते ओरडायचे, "छाती टाक!" लिंबावरचे कावळे उडायचे.

आमच्या घरात ती म्हणच झाली. दादा दहावीला गणितात पास-नापासाच्या काठावर होता तेव्हा अण्णा म्हणाले, छाती टाक. एसटी सुटतेय आणि आई पिशव्या घेऊन मागं राहिलीय, की आम्ही तिघं दारातून, "आई, छाती टाक!" आईला ते बायामाणसांत बोललेलं आवडायचं नाही. कंडक्टर हसायचा. माझ्या मुलीनं इंजिनिअरिंगचं शेवटचं सबमिशन रात्री पावणेबाराला केलं तेव्हा मीही तिला तेच म्हणाले, आणि तिला त्याचा उगम माहीत नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. हा लेख खरं म्हणजे त्या रात्रीचं उत्तर आहे.

मी उषाला पत्रही लिहिलं होतं. मराठीतच, इंग्रजी मला पाचवीपासूनचं, त्यात कुत्रा आणि मांजर एवढंच सांगता येत होतं. पत्ता पी. टी. उषा, पय्योळी, केरळ. मजकूर असा की आम्ही कडब्याची हर्डल्स केली आहेत, तुमच्याकडं कडबा असतो का, आणि पुढच्या वेळी छाती टाका. अण्णांनी लाल शाईनं शुद्धलेखन तपासलं, 'हर्डल्स'चा ऱ्हस्वदीर्घ काय असावा यावर थोडा वेळ विचार केला आणि पाकीट चिकटवलं. उत्तर आलं नाही. फार वर्षांनी उषाची एक मुलाखत वाचनात आली. लॉस एंजेलिसच्या त्या ऑलिंपिक व्हिलेजमध्ये तिथलं जेवण तिला जाईना, भाताची पेज आणि कैरीचं लोणचं यावर दिवस काढले, आणि त्याचा शेवटच्या टप्प्यात परिणाम झाला, असं ती म्हणाली होती. मी आईला ते फोनवर वाचून दाखवलं. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "आणि हे आपले छाती टाक, छाती टाक करत बसले. पोटात काही नको का?"

सातवीत असताना, १९८५ च्या डिसेंबरात, मी तालुक्याला पहिली येऊन साताऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेले. चारशे मीटर, साधी, हर्डल्स नाहीत. हर्डल्सची आमच्या वयाला ती शर्यतच नव्हती. हे अण्णांना आधीपासून माहीत होतं की कडबा रचून झाल्यावर कळलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

स्टेडियम बघून मी गार पडले. चुन्याच्या फक्कीनं आखलेला गोल ट्रॅक, आठ लेन. मला तीन नंबरची लेन मिळाली. उभी राहिले आणि बघते तर चार नंबरवाली माझ्या सातएक मीटर पुढं! पाचवाली तिच्याही पुढं. आठवाली तर कुठल्या कुठं, वळणापाशी. मी हात वर केला. "सर, ह्या पुढं उभ्या आहेत." पंच म्हणाले, "बरोबर उभ्या आहेत." मी म्हटलं, "सर, खूपच पुढं आहेत." बाकीच्या सातही पोरी हसल्या. बाहेरच्या लेनला वळण मोठं पडतं म्हणून त्यांना पुढून सोडतात, हे साधं गणित. पण आमची गाडीवाट सरळ होती. मी आयुष्यात कधी वळणावर पळालेच नव्हते. आणि शतांशांचा हिशेब फळ्यावर मांडणाऱ्या माझ्या बापाला हे एक गणित सुचलं नव्हतं.

शिट्टी झाल्यावर मी काय केलं असेल? पुढच्या सगळ्यांना पहिल्या दोनशे मीटरमध्येच गाठायला निघाले. गाठलंही दोघींना. मग पायांत शिसं ओतल्यासारखं झालं. शेवटचं वळण संपून सरळ वाट आली तेव्हा कठड्यापलीकडून ओळखीचा आवाज आला. मी छाती टाकली, पण रेघेच्या चांगली चार पावलं अलीकडंच, आणि हनुवटीवर आपटून तशीच फक्कीतून घसरत रेघेपलीकडं गेले. पाचवी. हनुवटीखाली खूण अजून आहे, वर बघितल्याशिवाय दिसत नाही.

परतीच्या एसटीत मला अण्णांच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा होती, गाडी गर्दीत तासभर अडकली. बैलबाजार, खेळण्यांच्या पिपाण्या, भज्यांचा वास. अण्णा खाली उतरले आणि कागदात भजी घेऊन आले. एक भजं खाऊन झाल्यावर म्हणाले, "वळणाचं माझ्या ध्यानात आलं न्हाई." बस, एवढंच. साताऱ्यात त्यांनी कंदी पेढे घेतले होते ते मला गावात उतरल्यावर कळलं. स्टँडपासून घरापर्यंत भेटेल त्याच्या हातावर पेढा. "जिल्ह्यात पाचवी आली." पाचवीचे पेढे वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पुढचं वर्ष उषाचं होतं. सोलच्या एशियाडमध्ये भारताला सगळी मिळून पाच सुवर्णं, त्यातली चार तिच्या नावावर. दोनशे, चारशे, चारशे हर्डल्स आणि रिले. शंभरमध्ये रौप्य, तिथं फिलिपिन्सची लिडिया डी वेगा पुढं गेली. ग्रामपंचायतीत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला होता. अर्धं गाव दाटीवाटीनं बसलेलं, अँटेना धरायला एक पोरगा कौलांवर. आजीलाही खुर्चीवरून नेलं होतं. तिनं उषाला पहिल्यांदा हलताना पाहिलं आणि म्हणाली, "वाळकी हाय गं पोर. घरी कोण बघतं का न्हाई?"

मी पळायचं थांबवलं ते त्यानंतर वर्षाभरात. नववीत होते. हायस्कूलला जायला गाडी बदलावी लागायची, तिथल्या स्टँडवर चारपाच पोरं बसलेली असायची. माझं पळणं सगळ्यांना माहीत झालेलं. "उषा आली, उषा आली" असं सुरू व्हायचं. तेवढंच असतं तर चाललं असतं. त्याच्या पुढं ती जे म्हणायची, आणि छाती टाकण्यावरून जे म्हणायची, ते मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरातला शब्द त्यांच्यापर्यंत कसा पोचला कोण जाणे. दादानं कुठंतरी गमतीनं सांगितला असेल. मी त्याला कधी विचारलं नाही, आजही विचारणार नाही.

घरी सांगितलं, गुडघा दुखतो. उजवा.

आईनं निर्गुडीचा पाला आणला. रोज रात्री चुलीवर तवा तापवायचा, पाला गरम करायचा, फडक्यात बांधून शेकायचं. ठणठणीत गुडघा मी पंधरा दिवस शेकून घेतला. अण्णा कंदिलाजवळ वही घेऊन बसलेले असायचे, मधूनच विचारायचे, "आज कसं काय?" मी म्हणायची, "आहे अजून." एका रात्री अण्णा गावात भजनाला गेले होते. आई नेहमीसारखी शेकत होती. शेकता शेकता खाली मान घालूनच म्हणाली, "आज डावा शेकतीया मी. तुला कळलं पण न्हाई."

मी काहीच बोलले नाही. तिनं पुढं काही विचारलं नाही. पाला निवाला तसा तिनं तो परत गरम केला आणि उजव्या गुडघ्याला लावला. अण्णांना तिनं सांगितलं असेल का? मला वाटतं, नाही. दोन दिवसांनी ती त्यांना म्हणाली एवढं मी ऐकलं, "राहू द्या आता. पोरीच्या पायाला झेपत न्हाई." आणि औंदा कडबाही कमी आहे, हे जोडलं. कडबा खरंच कमी होता, पाऊस गेला होता. कोणतीही गोष्ट पटवताना आई दुष्काळाची मदत घ्यायची.

हर्डलच्या दहा जागा अण्णांनी चुना लावलेल्या धोंड्यांनी दाखवल्या होत्या. ते बरीच वर्षं गाडीवाटेच्या कडेला होते. लग्न होऊन पुण्याला आल्यावर एकदा गेले तर चुना गेलेला, पण पस्तीस मीटरची चाल पायांना बरोबर आठवत होती.

२०१६ च्या ऑगस्टात अण्णांचा सकाळी सातला फोन. "ललिता बघितलीस का?" ललिता बाबर मोहीची. मोही आमच्याच तालुक्यातलं. शेतकऱ्याची पोर, आधी खो-खो खेळायची, मग लांब पल्ल्याचं पळायला लागली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीन वर्षं पहिली आली. रिओत तिनं तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ अशी वेळ दिली, राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनल गाठली. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या फायनलला पोचलेली ती पहिली भारतीय बाई. फायनल १५ ऑगस्टला, आपल्याकडं संध्याकाळी. मी रजा जोडून गावी गेले. अण्णांनी सकाळचं झेंडावंदन झाल्यावर पांढरी टोपी दिवसभर डोक्यावरून काढली नाही.

स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. जाड लाकडी ओंडका असतो, धडकलात तर तुम्ही पडता. एका शर्यतीत असे अठ्ठावीस, आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. बायकांसाठी त्याची उंची किती असते? ७६.२. हे मी फोनवर शोधलं आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी उठून भिंतीजवळ हात धरला, जमिनीपासून बरोबर अडीच फुटांवर, आणि शर्यत संपेपर्यंत मधूनमधून त्या जागेकडं बघत होते. ललिता दहावी आली. अण्णा म्हणाले, "जगात दहावी. वळणं किती सुरेख घेती." आई इतका वेळ मागं शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "तिची आई कशी असंल गं?" कुणाला विचारलं ते कळलं नाही.

पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्याच स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. ८:११.२०, आणि पहिल्या आलेल्या केनियाच्या किबिवॉटचे ८:११.१५. पाच शतांश. केनियाच्या पोरांच्या मध्ये घुसून आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या पोरानं रौप्य आणलं, सगळे आनंदात, आणि अण्णा फोनवर हिशेब करतायत. "पाव ठोका," ते म्हणाले. "उषाचा विसावा होता. त्या मानानं हे पुष्कळ लांब." एचएमटी तोवर बंद पडून काही वर्षं झाली होती, कपाटात आहे.

त्या घड्याळाचा मी एकदा बसून हिशेब केला. रोज चार मिनिटं मागं, म्हणजे दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत २४० सेकंदांची तूट. माझी गाडीवाटेवरची सर्वांत चांगली वेळ वहीत ७२ आहे. म्हणजे घड्याळ खरं असतं तर तिथं ७२.२ पडली असती. पाचवा हिस्सा सेकंद. बरोबर एक ठोका घड्याळानं मला आपल्या पदरचा दिला होता. उषाला त्याचा विसावा भाग पुरला असता. ही आकडेमोड मी अण्णांना दाखवली. ते म्हणाले, "सासऱ्याचं घड्याळ हाय, तुझ्या बाजूनंच असणार."

अण्णा आता शहाऐंशीचे. मार्चमध्ये न्हाणीघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दोघं माझ्याकडं पुण्यात आहेत. फिजिओथेरपीची मुलगी एक दिवसाआड येते. वॉकर घेऊन बेडरूमच्या दारापासून गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आणि परत दारापर्यंत, असं दिवसातून चार वेळा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. "किती लागतात बघ की." मी फोनवर लावलं. १ मिनिट ५२ सेकंद. "शतांश सांग," ते म्हणाले. ०८ होते. ते त्यांनी माझ्या मुलीच्या जुन्या वहीत लिहिलं. तारीख, वेळ, आणि एका दिवशी कंसात, डोअरबेल.

मे संपता संपता सव्वा मिनिटावर आले. जूनमध्ये त्रेसष्ट. मग हळूहळू साठच्या आत. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. फिजिओच्या मुलीलाही कळलं असावं, कारण तिनं बजावून ठेवलं, "आजोबा, घाई करायची नाही, आणि पुढं झुकायचं तर अजिबात नाही." अण्णांनी आज्ञाधारक मान हलवली. ती मान मी ओळखते.

गेल्या रविवारी सकाळी मी दारापाशी फोन घेऊन उभी, आई सोफ्यावर भाजी निवडत. अण्णा गॅलरीच्या उंबऱ्यावरून वळले, वळण सुरेख घेतलं, आणि परत निघाले. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टक टक वाजत होते. दार दोन पावलांवर आलं तसं त्यांनी वॉकर जिथल्या तिथं थांबवला, खांदे मागं घेतले आणि छाती टाकली.

"अहो!" आईच्या मांडीवरची मेथी सगळीकडं. मी फोन सोडून त्यांना दोन्ही हातांनी धरलं. वॉकर आडवा झाला. आई उठून आली आणि बोलायला लागली ते १९८४ सालच्या कडब्यापासून. मी अण्णांना खुर्चीवर टेकवलं, पाणी दिलं, पाय बघितला, खुबा बघितला. सगळं जागच्या जागी. खाली पडलेला फोन उचलला तर घड्याळ पळतच होतं, तीन मिनिटं होऊन गेली होती.

"किती?" अण्णांनी विचारलं. धाप लागलेली.

"पंचावन्न एक्केचाळीस," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग वही ओढून घेतली, चष्मा लावला, आकडा लिहिला आणि वर न बघता म्हणाले, "तुझं पण घड्याळ मागं पडतंय."